भूगोलात एम.ए. करावे का, आणि करायचे ठरले तर कसे

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे : मोहोळ तालुक्यातील एका गावातून रोज एस.टी.ने महाविद्यालयात येता, बी.ए.चे शेवटचे वर्ष आहे, विषय भूगोल, आतापर्यंतचे गुण 63 टक्के, घरी चार एकर जमीन आणि शिकणारा धाकटा भाऊ. मनात भूगोलात एम.ए. करावे असे आहे, पण वडील म्हणतात बी.एड. कर, मैत्रिणी म्हणतात स्पर्धा परीक्षा दे, आणि ओळखीच्या एका सरांनी ‘भूगोलाला आता स्कोप राहिला नाही’ असे सांगून टाकले आहे. करायचेच तर सोलापुरात की पुण्यात, आणि इंग्रजी कच्चे असताना निभाव लागेल का, हेही तुम्ही विचारले आहे.

मी गेली चोवीस वर्षे सोलापुरात पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना भूगोल शिकवते आहे. दरवर्षी परीक्षा संपत आल्या की हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतेच आणि बहुतेक वेळा तो ‘स्कोप आहे का’ याच शब्दांत येतो. मला वाटते, त्यामागची खरी चिंता निराळी असते. घरात ओढाताण असताना आपण आणखी दोन वर्षे मागतो आहोत. ती संपल्यावर वडिलांना दाखवता येईल असे आपल्या हाती काय असेल, ही ती चिंता. विषयाच्या नावावरून तिचे उत्तर देता येत नाही. एकाच बाकावर बसून एम.ए. झालेल्या दोन मुलींपैकी एकीला सहा महिन्यांत काम मिळाले आणि दुसरी चार वर्षे ‘जाहिरात निघेल’ म्हणून थांबली, हे मी पाहिले आहे. दोघींच्या गुणांत फारसे अंतर नव्हते. अंतर होते ते दुसऱ्या वर्षी केलेल्या लघुप्रबंधात, आणि माझ्या या उत्तराचा मोठा भाग त्याविषयीच असेल.

म्हणून मत आधीच सांगते. नकाशा समोर आला की तुमची नजर त्यावर खिळत असेल आणि उन्हात चार गावे फिरायची तयारी असेल, तर एम.ए. जरूर करा. पुढचे काही ठरलेले नाही, तोवर नाव कुठेतरी लागलेले असावे, एवढ्यासाठीच करणार असाल तर करू नका.

काही गोष्टी मात्र सर्वस्वी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. वर्षभरात घरात पगार यायलाच हवा अशी स्थिती असेल, तर मी कोणत्याच पदव्युत्तर शिक्षणाचा आग्रह धरणार नाही. पण वडिलांना वाटते तितका बी.एड.चा रस्ताही जवळचा नाही, हे त्यांना शांतपणे समजावून सांगा. तोही दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, त्यासाठी प्रवेश परीक्षा आहे, आणि पुढे अनुदानित शाळेत जायचे तर शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी देऊन शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत नाव यावे लागते. शिवाय कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला शिकवायचे असेल तर पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. अशी दोन्ही लागतात. शिकवण्याची खरीच आवड असलेल्या विद्यार्थ्यांना मी आधी एम.ए. आणि मग बी.एड. असा क्रम सुचवते, कारण विषय पक्का असलेला शिक्षक वर्गात उभा राहिला की मुलांना ते लगेच कळते.

वरिष्ठ महाविद्यालयातील अध्यापनाबद्दल स्पष्ट बोलणे मला भाग आहे. सहायक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांसाठी 50 टक्के, आणि त्यासोबत नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) उत्तीर्ण असावे लागते. ही पात्रता मिळवलेली कितीतरी मुले आज तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. वर्षातील काही महिने मानधन आणि बाकीचे महिने वाट पाहणे, असे त्यांचे आयुष्य चालले आहे. त्यांच्या हुशारीत उणे नाही, जागाच कमी निघतात. तेव्हा ‘प्राध्यापक होण्यासाठी एम.ए.’ एवढाच बेत असेल, तर सोबत दुसरी वाट आखलेली हवी. तरीही नेटची तयारी पहिल्या सत्रापासून करा, असेच मी म्हणेन. त्या परीक्षेत दोन पेपर मिळून 150 प्रश्न आणि 300 गुण असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, आणि कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीसाठी निवड होऊन पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तर पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये मिळतात. चार एकरांच्या घरात हा आकडा लहान नाही. या छात्रवृत्तीसाठी वयाची अट साधारण तीस वर्षांची आहे आणि स्त्रियांना त्यात पाच वर्षांची सवलत आहे, हेही ध्यानात ठेवा.

स्पर्धा परीक्षेचा विचार मी दोन अंगांनी करते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत भूगोल हा वैकल्पिक विषय घेता येतो, त्याचे प्रत्येकी 250 गुणांचे दोन पेपर असतात. आता राज्य आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली असून तिथेही वैकल्पिक विषय आला आहे. त्यामुळे मन लावून केलेला एम.ए.चा अभ्यास तिथे नक्की उपयोगी पडतो. पण एम.ए.ला नाव घालून दिवसभर अभ्यासिकेत बसायचे आणि विभागात फक्त परीक्षेपुरते यायचे, हा प्रकार मला अजिबात मान्य नाही. त्यात परीक्षाही हातची जाते आणि पदवीही पोकळ राहते. दोन्ही साधायचे असेल, तर एम.ए.ची दोन वर्षे मनापासून एम.ए.ला द्या आणि परीक्षेची खरी झुंज त्यानंतर सुरू करा.

भूगोलाला ‘स्कोप नाही’ म्हणणाऱ्या सरांनी बहुधा याच तीन वाटा मोजल्या असाव्यात. गेल्या वीस वर्षांत चौथी वाट मोठी झाली आहे. भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे संगणकावर नकाशा आणि माहिती जोडणारी, आपण सगळे जिला जी.आय.एस. म्हणतो ती, आणि दूरसंवेदन, म्हणजे उपग्रहासारख्या साधनांनी दुरून जमिनीची माहिती घेणे, यांचे काम आता महानगरपालिकेच्या मालमत्ता नोंदीपासून पीक सर्वेक्षणापर्यंत आणि पाणलोट आराखड्यांपासून गावठाणाच्या ड्रोन मोजणीपर्यंत सगळीकडे शिरले आहे. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, नगररचना विभाग, आणि पुणे-हैदराबादकडील खाजगी कंपन्या या ठिकाणी भूगोलाच्या मुलामुलींना काम मिळते. पुष्कळ जागा कंत्राटी असतात आणि सुरुवातीला नकाशावरच्या रेषा गिरवण्याचे, म्हणजे डिजिटायझेशनचे, कंटाळवाणे काम कमी पगारात करावे लागते, हे आधीच माहीत असू द्या. त्यातून वर यायचे तर थोडी पायथॉन ही संगणकाची भाषा आणि विदा, म्हणजे डेटा, हाताळण्याचे तंत्र शिकावे लागते.

ही साधने शिकायला आता पैसा आड येत नाही. क्यू-जी.आय.एस. हे नकाशे तयार करण्याचे सॉफ्टवेअर मोफत आहे. इस्रोचे उपग्रह नकाशांचे भुवन संकेतस्थळ खुले आहे. लँडसॅट उपग्रहमालिकेच्या 1972 पासूनच्या प्रतिमा आणि सेंटिनेल-2 या उपग्रहांच्या दहा मीटर विभेदनाच्या, म्हणजे जमिनीवरचा दहा मीटरचा तुकडा वेगळा दिसेल अशा, प्रतिमा कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था विनाशुल्क ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते. माझ्या विद्यार्थ्यांनी ते मोबाइलवर पाहूनही पूर्ण केले आहेत.

पण सॉफ्टवेअर येणे आणि भूगोल येणे यांत फरक आहे, आणि तो मला एका प्रसंगातून सांगायचा आहे. भूगोलतज्ज्ञ डॉ. सी. डी. देशपांडे यांच्या जन्मदिनी, 14 जानेवारीला, आपण भूगोल दिन पाळतो. त्या सुमारास आम्ही क्षेत्रभेट काढतो. एका वर्षी एका विद्यार्थ्याने जानेवारीची उपग्रह प्रतिमा घेऊन कालव्यालगतच्या काही गावांचा ऊस मोजला होता. नकाशा देखणा होता, हिरव्या रंगाच्या छटा नेमक्या होत्या, क्षेत्रफळाचा तक्ता दशांश चिन्हापर्यंत बरोबर होता. आम्ही तो नकाशा हातात घेऊन शिवारात गेलो. पहिल्याच हिरव्या तुकड्यावर हुरड्यात आलेली ज्वारी उभी होती. दुसऱ्यावर मका, तिसऱ्यावर ऊस, चौथ्यावर पुन्हा ज्वारी. जानेवारीत आकाशातून पाहिले तर ऊसही हिरवा आणि शाळूही हिरवा. त्याला मी एवढेच विचारले की एप्रिलमध्ये या शेतांत काय दिसेल. तो शेतकऱ्याचाच मुलगा होता. क्षणभर थांबला आणि म्हणाला, ज्वारी निघून रान मोकळे पडलेले असेल, ऊस तेवढा हिरवा असेल. परत आल्यावर त्याने जानेवारी आणि एप्रिल अशा दोन्ही महिन्यांच्या प्रतिमा एकमेकींवर ठेवल्या, आणि उसाचे क्षेत्र आधीच्या नकाशापेक्षा बरेच कमी निघाले. तुटून गेलेल्या उसाचा प्रश्न तरीही उरलाच; गाळप हंगामात ज्या शेताची तोड झाली ते एप्रिलमध्ये मोकळे किंवा खोडव्याचे दिसते, म्हणून त्याने ऑक्टोबरची तिसरी प्रतिमा घेतली. हे सॉफ्टवेअरने त्याला सुचवले नव्हते. ज्याला पिकाचे वेळापत्रक अंगवळणी पडलेले आहे त्यालाच ते सुचते, आणि तुम्ही तर त्याच रानात वाढला आहात.

आता लघुप्रबंधाविषयी. विषय निवडताना बहुतेक विद्यार्थी ‘सोलापूर जिल्ह्यातील कृषी भूमी उपयोजन’ असा काहीतरी भव्य मथळा घेतात. मीही माझ्या काळी तसाच घेतला होता. जिल्हा 14,895 चौरस किलोमीटरचा, अकरा तालुक्यांचा, 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 43 लाखांवर. एवढे क्षेत्र एका विद्यार्थ्याच्या पायाखालून जाणे शक्य नाही. मग जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनातले तक्ते उतरवायचे, त्यांचे स्तंभालेख काढायचे आणि निष्कर्षात ‘सिंचनामुळे ऊस वाढला’ असे लिहायचे, असा प्रबंध तयार होतो. माझाही तसाच झाला. त्या कामातून मी काही शिकले नाही याची खंत मला पुढे अनेक वर्षे राहिली, आणि म्हणूनच विद्यार्थ्यांच्या विषयांबाबत मी कठोर असते.

माझ्या एका विद्यार्थिनीने सांगोला तालुक्यात एका ओढ्याकाठची फक्त तीन गावे घेतली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशावर तो ओढा काळ्या रेषेने दाखवला आहे, म्हणजे तो हंगामी. बारमाही पाण्याला निळी रेषा असते. तिने नकाशावर प्रवाहांच्या श्रेणी, म्हणजे लहान ओहोळापासून मोठ्या ओढ्यापर्यंतचे क्रम, काढल्या, समोच्च रेषांवरून उतार मोजला आणि मग दगड बांधलेली मोजपट्टी घेऊन विहिरी मोजत निघाली. एकूण अठ्ठावीस विहिरी, वर्षातून चार वेळा : ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. हे महिने तिने आपल्या मनाने ठरवले नव्हते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी याच महिन्यांत मोजते, त्यामुळे तिच्या नोंदी सरकारी नोंदींशी ताडून पाहता आल्या. प्रत्येक विहिरीपाशी ती मालकाला विचारायची की खोदताना मुरूम किती हात लागला आणि काळा फत्तर कुठे सुरू झाला. ओढ्यावर बंधारे सगळीकडे सारखेच होते, तरी काही विहिरी मार्चपर्यंत टिकत आणि काही जानेवारीतच तळ गाठत. जिथे मुरमाचा थर जाड, तिथे पाणी टिकले. जिथे फत्तर वर आला होता, तिथे बंधारा असूनही विहीर कोरडी पडली. निष्कर्ष साधा आहे, पण तो तिचा स्वतःचा होता. मुलाखतीत तिला नेटचे गुण विचारले गेले नाहीत. तिची नोंदवही आणि विहिरींचा नकाशा पाहून पाणलोटाच्या कामासाठी तिची निवड झाली. आधी ज्या दोन मुलींचा उल्लेख केला, त्यांतली पहिली हीच.

असे विषय सोलापूर जिल्ह्यात पावलोपावली आहेत. पर्जन्यछायेतला, वर्षाला सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाचा हा जिल्हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक कसा झाला, हा केवढा मोठा भूगोलाचा प्रश्न आहे. उन्हाळ्यात वर्तमानपत्रात ‘उजनी वजा पातळीत’ अशी बातमी येते. धरणाच्या सुमारे 117 टीएमसी साठ्यापैकी निम्म्याहून अधिक साठा मृत धरलेला आहे, म्हणून शून्याखाली गेल्यावरही धरणात पाणी असते, हे किती वाचकांना उमगते? मंगळवेढ्याची ज्वारी आणि सोलापूरचे डाळिंब यांना भौगोलिक मानांकन आहे. 1877 साली पहिली कापड गिरणी आलेल्या या शहरात गिरण्या गेल्यानंतरच्या जमिनी, यंत्रमागांच्या वस्त्या आणि तेलुगू भाषक विणकर मोहल्ले हा नागरी भूगोलाचा विषय आहे. नान्नजला माळढोकासाठी राखलेली माळराने आणि त्यांना लागून वाढणारी शेती हा आणखी एक. आठवडी बाजार घेतलात तर जर्मन भूगोलतज्ज्ञ ख्रिस्टालरने 1933 मध्ये दक्षिण जर्मनीवरून मांडलेला केंद्रस्थान सिद्धान्त, म्हणजे आसपासच्या गावांना सेवा पुरवणाऱ्या लहानमोठ्या बाजारगावांची मांडणी कशी असते याचा सिद्धान्त, तुमच्या मोहोळ तालुक्यात कितपत लागू पडतो, हे तुम्ही स्वतः पडताळू शकता. मात्र विषय कोणताही घ्या, तो तुम्हाला पायी फिरता येईल एवढाच ठेवा.

सोलापूर की पुणे, या प्रश्नाचे माझे उत्तर यातूनच निघते. पुण्यात मोठी ग्रंथालये आहेत, वेगवेगळ्या भागांतून आलेले सहाध्यायी भेटतात, कंपन्यांशी ओळख लवकर होते. हे लाभ खरे आहेत आणि वसतिगृहात जागा मिळत असेल तर जरूर जा. पण खोलीभाडे आणि मेसचा खर्च भागवण्यासाठी तिथे अर्धवेळ नोकरी करावी लागणार असेल, तर ग्रंथालयात बसायला वेळ कुठून येणार? 2004 पासून आपल्या जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ आहे, त्याआधी आम्हाला प्रत्येक कामासाठी कोल्हापूरकडे पाहावे लागे. घरून ये-जा करून इथे एम.ए. करणे आणि वाचलेल्या पैशात एक बऱ्यापैकी लॅपटॉप घेणे, हे तुमच्या परिस्थितीत मला जास्त शहाणपणाचे वाटते. ज्या महाविद्यालयात प्रवेश घ्याल तिथे आधी जाऊन संगणक प्रयोगशाळा चालू आहे का आणि क्षेत्रभेटी खरोखर होतात का, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा. राज्याबाहेर जायची उमेद असेल, तर केंद्रीय विद्यापीठांसाठी सामाईक पदव्युत्तर प्रवेश परीक्षा आहे. लोकसंख्येच्या अभ्यासात रस असेल, तर मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थाही पाहा.

एम.ए. की एम.एस्सी. यावर फार डोके शिणवू नका. आपल्याकडे बऱ्याच विद्यापीठांत अभ्यासक्रम जवळपास सारखाच असतो आणि बी.ए.वाल्यांना एम.ए. मिळते. तुमची पदवी तीन वर्षांची असेल तर एम.ए. दोन वर्षांचे आणि चार वर्षांची ऑनर्स असेल तर एका वर्षाचे, अशी नव्या शैक्षणिक धोरणातली तरतूद आहे. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन थांबण्याची सोयही आहे. हे वडिलांना सांगा. अडचण आली तर वर्ष वाया जाणार नाही एवढा दिलासा त्यांना मिळेल.

इंग्रजीची भीती मी समजू शकते, माझे शिक्षणही मराठी माध्यमातूनच झाले. एम.ए.ची उत्तरे मराठीत लिहिण्याची मुभा आहे का, हे प्रवेशापूर्वी विचारून घ्या. पण नेटचा पेपर इंग्रजी आणि हिंदीतच असतो आणि बहुतेक संशोधन इंग्रजीत आहे, त्यामुळे टाळून चालणार नाही. पहिल्या दिवसापासून एक वही घाला आणि प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत लिहा : विदारण म्हणजे वेदरिंग, झीज म्हणजे इरोजन, पाणलोट म्हणजे वॉटरशेड. रोज पाच संज्ञा लिहिल्या तरी वर्षात दीड हजारांहून अधिक होतात, आणि भूगोलाचे इंग्रजी त्यापलीकडे फार नाही. इंग्रजीपेक्षा सांख्यिकीकडे दुर्लक्ष झालेले मला जास्त जाचते. सहसंबंध, प्रमाण विचलन, नमुना निवड ही प्रकरणे ‘ऑप्शनला’ टाकणारे विद्यार्थी पुढे प्रबंधात अडकतात, आणि तेव्हा मदत करणे मार्गदर्शकालाही कठीण होते.

अंतिम वर्षाची परीक्षा संपली की प्रवेश सुरू होईपर्यंत तुमच्या हाती काही आठवडे असतील. सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून तुमच्या गावाचा स्थलदर्शक नकाशा मोफत उतरवून घ्या, गावातल्या दहा विहिरी त्यावर खुणेने मांडा, आणि वडिलांना सोबत घेऊन मे महिन्याच्या अखेरीस त्यांची पाण्याची पातळी मोजून ठेवा. कोणत्या विहिरीला मुरूम किती लागला, हे तुमच्यापेक्षा त्यांना चांगले ठाऊक असेल. मोजताना तारीख आणि वेळ लिहा, आणि त्याआधी मोटर कधी बंद केली तेही लिहा, कारण उपसा चालू असताना घेतलेले माप धरता येत नाही. जूनचा पाऊस एकदा लागला की ही नोंद घ्यायला पुढच्या मेपर्यंत थांबावे लागेल.